सकाळ कधी झाली?

काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते जिलेटीनच्या एका पिवळसर तुकड्यातून. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये नाटकासाठी माणसं निवडणं चाललं होतं. मी तेव्हा परभणीहून येऊन मुनिरक्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो आणि निवडीला येणाऱ्यांना पोहे मिळतात असं कळल्यामुळे आलो होतो. दिग्दर्शकांनी माझ्या हातात एक उतारा दिला. मी वाचायला तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ पुढे आले. त्यांनी शर्टाच्या खिशातून रंगीत कागदांची गड्डी काढली, त्यातला एक तुकडा डोळ्यापुढे धरला, माझ्याकडे बराच वेळ निरखून बघितलं आणि दिग्दर्शकांना सांगितलं, "हा झोपेल."

मला तो अपमान वाटला. पण ती निवड होती. नाटकात एक पाहुणा होता. तो पडदा उघडल्यापासून खाटेवर झोपलेला असतो आणि सकाळ झाल्यावर उठून चहा मागतो. त्या पाहुण्याच्या चेहऱ्यावर पहाट नीट पडेल की नाही, एवढंच त्या गृहस्थांना बघायचं होतं. माझा उतारा कुणी ऐकलाच नाही. पोहे मात्र मिळाले.

हे मंडळाचे लाईटवाले काका. हस्तपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे 'प्रकाशयोजना' असं छापलेलं असे, पण मंडळात त्यांना सगळे नुसतं काका म्हणत. दिवसा ते कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कार्यालयात नोकरी करत. तिथे ते नेमकं काय करत हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं काही असावं असंही वाटलं नाही. मी एकदा तिथे गेलो होतो. त्यांच्या सेक्शनमध्ये सगळ्यांच्या डोक्यावर ट्यूब लागलेल्या होत्या, फक्त काकांच्या डोक्यावरची बंद होती. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मला समजावून सांगू लागले, "ट्यूब ठीक है. सर को ठीक नहीं लगती."

माणसांकडे थेट नुसत्या डोळ्यांनी बघणं काकांना घाईचं वाटे. आधी खिशातला एखादा तुकडा काढायचा, त्यातून बघायचं, मग बोलायचं. पिवळसर तुकडा म्हणजे अंबर, निळसर म्हणजे स्टील ब्लू. ते आपल्या साहेबांनाही अधूनमधून असं बघत. "साहेब स्टील ब्लूमध्येच बरे," असं त्यांचं मत होतं. "अंबरमधून बघितलं की वाटतं, रजा देतील. आणि देत नाहीत."

नाटकाबद्दल त्यांच्या कल्पना साध्या होत्या. नट हे उजेड कुठे पडलाय ते कळावं म्हणून असतात. संवाद असले तर हरकत नाही. आणि लाईट दिसला की लाईटवाला नापास. प्रेक्षकाला सकाळ दिसली पाहिजे, सकाळ करणारा दिसता कामा नये. आयुष्यात एकदा तरी स्टेजवर अशी पहाट करायची, की अंधार कधी संपला आणि उजेड कधी सुरू झाला हे हॉलमधल्या एकाही माणसाला सांगता येऊ नये, ही त्यांची इच्छा होती. दुसरी कुठलीही इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही. बढती, गाझियाबादच्या फ्लॅटला मोठी बाल्कनी, बेंगळुरूतल्या मुलाचं लग्न, या इच्छा त्यांच्या वतीने काकू करत.

त्यामुळे मंडळाचं नाटक कुठलंही असो, त्यात एक सकाळ असायचीच. कोर्टाचं नाटक होतं तेव्हा काकांनी न्यायाधीशांना उजाडायच्या आधी कोर्टात आणून बसवलं. एका ऐतिहासिक नाटकाचा दुसरा अंक तळघरात घडत होता. काकांनी दिग्दर्शकांना बाजूला घेऊन विचारलं, "तळघराला झरोका असतो की नाही?" दिग्दर्शक म्हणाले, "असतो, पण काका, लढाई रात्री आहे." काका म्हणाले, "संपेल ना कधीतरी." लढाई सकाळपर्यंत चालली. आणि प्रत्येक नाटकात सकाळ होताना कुणीतरी झोपलेलं लागे, म्हणून मीही असायचो. पहारेकरी, आजारी भाऊ, दारुडा, प्रेत. दिल्लीच्या मराठी रंगभूमीवर माझ्याइतका झोपलेला नट दुसरा नसेल.

आमचे प्रयोग रविवारी दुपारी असत, कारण संध्याकाळी हॉल लग्नांना जाई. प्रयोग संपला की काका हॉलच्या दारात जाऊन उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. "सकाळ कधी झाली?" नवख्या माणसाला आधी प्रश्नच कळत नसे. तो घड्याळात बघे. जुने लोक तयारीने येत. कुणी सांगे, ती कळशी उचलते तेव्हा. कुणी सांगे, कोंबडा आरवला तेव्हा. हा कोंबडा ध्वनिसंयोजक वाजवत, आणि काका त्यांच्याशी त्यापायी बोलत नसत. ही सगळी उत्तरं चुकीची असत. कळशी आणि कोंबडा यांच्या कितीतरी आधी काकांनी काम सुरू केलेलं असे. चुकीचं उत्तर आलं की काकांचा चेहरा जरा उजळे. हॉल रिकामा होईपर्यंत ते जवळजवळ पास झालेले असत.

मग शेवटी काकू यायच्या.

काकू एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. उत्तर बरोबर किंवा चूक, मधलं काही नाही, पायऱ्यांचे गुण मागू नयेत, अशा. नाटकाबिटकाची त्यांना आवड नव्हती. पण प्रत्येक प्रयोगाला त्या चौथ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर असत.

"सकाळ कधी झाली?" काका विचारत.

"ती म्हणते ना, दार लावून घे. त्यातल्या 'दार'ला."

आणि ते बिल्कुल बरोबर असे. 'दार'च्या आधी नाही, नंतर नाही. काका खाली मान घालून "हं" म्हणत आणि चपला शोधायला लागत. वर्षानुवर्षं हेच. नाटकं बदलली, दिग्दर्शक बदलले, मंडळात दोनदा फूट पडली. काका दर वर्षी पहाट आणखी हळू करत गेले आणि काकू दर वर्षी नेमका शब्द सांगत गेल्या. "सगळा हॉल पास करतो," काका मला म्हणाले होते, "घरचा पेपर राहतो." मी काकूंना एकदा म्हटलं, "काकू, एखाद्या वर्षी सोडून द्या की." त्या म्हणाल्या, "त्यांनी विचारलं, मला माहीत होतं, मी सांगितलं. खोटं कशाला बोलू?"

आतली पहाट बघून आम्ही हॉलबाहेर यायचो तर बाहेर भर दुपार असे. काका त्या उन्हाकडे नापसंतीने बघत. "एकदम फुल," ते म्हणत. "काही फेड म्हणून नाही."

फेड म्हणजे उजेड हळूहळू वाढवणं किंवा कमी करणं. काकांचा फेड हातावर चाले. आमच्या हॉलला लाईटची वेगळी खोली नव्हती. डाव्या भिंतीशी, काकूंच्या खुर्चीच्या बऱ्याच मागे, एक टेबल होतं. त्यावर डिमरची जुनी पेटी, तिला ओळीने सरकते खटके, आणि पेटीच्या वर एक निळा झिरो बल्ब. काका ती पेटी डोळे मिटून चालवत. हे मी अलंकारिक म्हणत नाही. तालमीला ते खरोखरच डोळे मिटून बसायचे आणि एकही खटका चुकायचा नाही. हॉलमध्ये नको असलेला उजेड त्यांना सहन होत नसे. दारावरच्या 'एक्झिट'च्या पाटीला ते काळा कागद लावत. प्रयोगात कुणी मोबाइल उघडला तर टेबल सोडून जात आणि मोबाइल घेऊन येत. पण तो निळा बल्ब मात्र जळत राही. मंडळाचे चिटणीस दर वर्षी तक्रार करत, "काका, तो बल्ब लोकांच्या डोळ्यांवर येतो यार. तुम्हाला तर लागतही नाही." काका म्हणत, "तो पाहिजे."

चिटणीसांची दुसरी तक्रार काकूंबद्दल होती. काकू नाटकात लक्ष देत नाहीत, सारख्या मागे वळून कोण आलं न् कोण नाही याची हजेरी घेतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पडदा उघडला की मी खाटेवरून डोळे किलकिले करून बघायचो, तर चौथ्या रांगेत सगळे चेहरे स्टेजकडे आणि काकूंचा तेवढा अंबाडा. शिक्षिका होत्या, सवय सुटत नसेल, असं आम्ही समजून घेतलं.

एका वर्षी मी स्टेजवर खरोखरच झोपलो. माझी पूर्वपरीक्षा नुकतीच झाली होती आणि खाट चांगली होती. पहाट झाली, कोंबडा आरवला, कळशी उचलली गेली, चहा मागायची वेळ आली आणि गेली. प्रयोगानंतर दिग्दर्शक माझ्याशी बोलेनात. काका मात्र धावतच विंगेत आले. त्यांना इतकं उत्तेजित झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तू खरा झोपला होतास?"

"हो काका. सॉरी."

"ते राहू दे. जाग कशाने आली? डोळ्यांवर उजेड आला म्हणून आली का?"

मी म्हटलं, "प्रॉम्प्टरने चप्पल मारली."

"म्हणजे लाईटने नाही," ते म्हणाले, आणि निघून गेले. दिग्दर्शकांच्या रागापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढे ते मुनिरक्याला माझी खोली बघायला आले. तिथल्या बहुतेक खोल्यांसारखी माझी खिडकीही समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. हात बाहेर काढला तर समोरच्या भिंतीला लागायचा. भर दुपारी ट्यूब लावून वाचावं लागे. काका दारात थबकले.

"इथे सकाळ कशी होते?"

"मोबाइलवर होते."

पुढच्या रविवारी ते एक पिवळा बल्ब आणि पंख्याला असतो तसला रेग्युलेटर घेऊन आले आणि स्वतः जोडून दिला. हळूहळू फिरवला की खोलीत उजाडायचं. "फक्त एक अडचण आहे," काका म्हणाले, "तू झोपलेला असताना फिरवणार कोण?" ते त्यांनी माझ्यावर सोडलं. मी तो उठल्यावर फिरवत असे. वेडेपणा होता, पण त्या वर्षी दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्या खोलीत मला जे काही बरं वाटायचं ते सकाळी तो रेग्युलेटर फिरवतानाच वाटायचं. घरमालकाने नंतर तो काढायला लावला.

गाझियाबादच्या त्यांच्या घरात ट्यूब एकच, स्वयंपाकघरात. ती काकूंनी भांडून मिळवलेली. बाकी सगळीकडे रेग्युलेटर लावलेले पिवळे बल्ब. जेवायला बसलं की ताटात काय आहे ते वासावरून ओळखायचं. काका स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. "तिथे सगळं एकदम दिसतं," ते म्हणत. चहा हवा असला तरी दारातून सांगत.

त्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी मला एकदा जानेवारीत पहाटे नेलं. धुकं इतकं की पाण्याच्या टाक्याही दिसत नव्हत्या. आम्ही दोघं शाली गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पूर्वेकडे तोंड करून बसलो. काकूंनी थर्मास दिला होता. दिल्लीकर या धुक्याला शिव्या देतात, ते बरोबरच आहे, छातीला वाईटच. काकांना मात्र त्याच्याबद्दल आदर होता. धुक्यात सूर्य उगवत नाही, नुसता अंधार कमी होत जातो, आणि कमी व्हायला कधी लागला ते सांगता येत नाही, हे ते मला हळू आवाजात समजावत होते. तेवढ्यात शेजारचे त्यागीजी कानटोपी घालून फिरायला वर आले.

"क्या देख रहे हैं भाईसाहब?"

"सुबह."

"दिख रही है?"

"नहीं."

"फिर?"

"इसीलिए."

त्यागीजींनी माझ्याकडे बघितलं. मी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतू लागलो. ते खाली निघून गेले. चहा संपला तेव्हा टाक्या दिसत होत्या. "सांग," काका म्हणाले. मला खरंच सांगता आलं नाही. "बघ," ते म्हणाले, "असं पाहिजे." ते हेव्याने बोलत होते.

नाट्यस्पर्धेतही आमचं नाटक जायचं. प्रकाशयोजनेचं बक्षीस काकांना कधी मिळालं नाही. ते वादळवाल्यांना, स्वप्नवाल्यांना मिळे. एकदा परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'प्रकाशयोजनेत विशेष काही जाणवले नाही.' आम्हाला राग आला. काकांनी तो कागद चिटणीसांकडून मागून घेतला आणि ऑफिसच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. सेक्शनमधल्या लोकांना मराठी येत नव्हतं, पण कागदाचा मान बघून त्यांना ते प्रशस्तिपत्र वाटायचं.

मी पुढे परीक्षेचा नाद सोडला, नोएडात नोकरी धरली, पण दर वर्षी झोपायला जात राहिलो. काका निवृत्त झाले. आणि मग गेल्या वर्षी मंडळाने नवी लाईट घेतली. कॉम्प्युटरवरची. आमच्यातलाच एक आयटीतला इंजिनिअर ती काकांना दाखवायला आला. मुलगा नम्र होता.

"काका, इथे फेडचा टाइम टाकायचा, एंटर दाबायचं. बस. बाकी सगळं ते करतं. एकदम स्मूथ."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही आरामात नाटक बघा ना."

"मी कधी बघितलेलं नाही," काका म्हणाले.

चिटणीसांनी मध्यम मार्ग काढला. हे वर्ष काका जुन्या पेटीवर करतील, पुढच्या वर्षीपासून कॉम्प्युटर. काकांनी मान डोलावली. म्हणजे शेवटची सकाळ. काकूंच्या हातून पास व्हायची शेवटची संधी, हे मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कधी नव्हे ते सगळे काकांच्या बाजूचे झाले. नाटक एका दुपारभरात घडणारं होतं. दिग्दर्शकांनी कुणी न सांगता त्याला आदल्या पहाटेचा एक प्रवेश जोडला. ध्वनिसंयोजकांनी आपण होऊन कोंबडा काढून टाकला. त्याग मोठा होता. काकांनी जाऊन त्यांच्याशी हात मिळवला.

प्रयोगाच्या थोडं आधी काकूंची मान धरली. साधी नाही, चांगली धरली. मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो, कारण काका तालमीत होते. डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, "माँजी, एक ही तरफ़ मुड़कर बैठने की आदत है क्या? टीवी टेढ़ा लगा है घर में?" काकू म्हणाल्या, "टीवी सीधा है." डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि मान अजिबात वळवायची नाही म्हणून बजावलं. प्रयोगाला काकू पट्टा लावून आल्या, आपल्या खुर्चीवर ताठ बसल्या आणि नाक समोर ठेवून राहिल्या. त्या वर्षी मी खाटेवरून पहिल्यांदा काकूंचा चेहरा बघितला.

त्या पहाटेबद्दल मी काय सांगणार? मी डोळे मिटून पडलो होतो. एवढं आठवतं, की कुठेतरी दूर वाक्यं चालली होती आणि मला गावाकडचं अंगण आठवायला लागलं होतं, आणि का ते कळत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की पापण्यांच्या आत सगळं लालसर झालंय, आणि बहुतेक बराच वेळ झालंय. मी उठलो आणि चहा मागितला. हॉल शांत होता.

प्रयोग संपला. काका दारात उभे राहिले. लोक येत गेले, कुणी काही सांगितलं, कुणी काही, सगळं चूक. मग काकू आल्या. मंडळातले आम्ही सगळे चपला घालायच्या निमित्ताने आसपास रेंगाळत होतो.

"सकाळ कधी झाली?"

काकू थांबल्या. पट्ट्यामुळे त्यांना मान खाली घालता येत नव्हती, त्यामुळे त्या सरळ काकांकडेच बघत होत्या.

"मला नाही कळलं," त्या म्हणाल्या.

"खरं सांग."

"खरंच नाही कळलं हो."

चिटणीसांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरने काकांना वाकून नमस्कार केला. ध्वनिसंयोजकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काका मात्र "हं" म्हणाले आणि चपला शोधायला लागले, नापास झाल्यावर शोधत तशाच. मी त्यांना कॅबने गाझियाबादला सोडलं. घरी पोचल्यावर ते थेट स्वयंपाकघरात गेले, तिथल्या स्टुलावर बसले आणि ट्यूब लावली. काकू कपडे बदलून आल्या तरी ते तिथेच, ट्यूबकडे बघत. मला वाटलं, जन्मभर मागितलेली गोष्ट मिळाली की माणसाचं असं होत असेल. पेटी सुटली त्याचंही दुःख असेल. मी निघून आलो.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो तो थंडी भरात असताना. काका कोपऱ्यावर दूध आणायला गेले होते. काकूंचा पट्टा निघाला होता. त्या बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि कोवळ्या शेंगा तोंडात टाकू लागलो. बोलता बोलता मी म्हटलं, "काकू, यंदा काकांनी कमाल केली. तुम्हालासुद्धा कळलं नाही."

"कमाल कसली," काकू म्हणाल्या. "चांगलं होतं ते. पण यंदा मी पहिल्यांदा नाटक बघितलं."

"म्हणजे?"

"मी कधी स्टेजकडे बघितलंच नाही रे. मला काय करायचंय त्या नटांशी? मी यांच्याकडे बघायची. त्या निळ्या बल्बात खांदे दिसतात यांचे. काम सुरू करायच्या आधी खांदे वर कानाशी गेलेले असतात. आणि खटका सरकायला लागला की असे खाली येतात." त्यांनी स्वतःचे खांदे सोडून दाखवले. "खांदे खाली आले की सकाळ झाली. त्या वेळी कुठला शब्द चाललाय तेवढा लक्षात ठेवायचा. यंदा मान वळेना, म्हणून स्टेजकडे बघावं लागलं. मग कसं कळणार?"

मी शेंग हातात धरून बसलो. इतकी वर्षं काका पहाट हळू करत होते, आणि घरच्या परीक्षक पहाटेकडे बघतच नव्हत्या.

"काकांना सांगितलंत हे?"

"वेडा आहेस का? एकदा पास झालेत, राहू देत की."

तेवढ्यात काका दूध घेऊन आले. बाहेर दिवस कलला होता आणि खोलीत अंधारून आलं होतं. काकांनी पिशवी ठेवली आणि रोजच्यासारखे भिंतीपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, रेग्युलेटरवर हात ठेवला. मी सवयीने बल्बकडे बघणार होतो, पण मग त्यांच्या खांद्यांकडे बघितलं. ते खरंच वर कानाशी गेले होते. मी एक शेंग खाल्ली, दुसरी तोंडात टाकली, आणि खांदे खाली आले. बल्ब तेव्हा होता तसाच काळा दिसत होता. काकूंचे हात थांबले होते.

मग कधीतरी खोली उजळली. काका वळले.

"कधी लागला?" त्यांनी मला विचारलं.

"कळलं नाही, काका," मी म्हटलं. खोटं न बोलायचं व्रत काकूंचं होतं, माझं नव्हतं.

"आणि तुला?"

"ह्याने दुसरी शेंग तोंडात टाकली तेव्हा," काकू म्हणाल्या.

मला काकूंचा राग आला. एवढं सगळं सांगून झाल्यावर, निदान आज तरी. मी काकांकडे बघितलं. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला होता, पण त्यांनी जिलेटीन काढलं नाही. ते नुसत्या डोळ्यांनी काकूंकडे बघत होते, आणि खूश दिसत होते. दारात उभं राहून चुकीची उत्तरं ऐकताना दिसत त्यापेक्षा कितीतरी जास्त.

"मान बरी झाली हिची," ते मला म्हणाले.

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मग तो निळा बल्ब कशाला लावत होतो?" काका म्हणाले. "मला पेटी डोळे मिटून येत होती."

काकूंनी मटारचं ताट थोडं पुढे सरकवलं, आणि काका त्यांच्या शेजारी बसून सोलायला लागले.